हवा कुठून येतेय?

तापलेल्या पेट्रोल गाडीचा आरपीएमचा काटा न्यूट्रलला आठशेच्या आसपास थांबायला हवा. कुठे सातशे, कुठे नऊशे, पण हजाराच्या आतच. तो बाराशे-पंधराशेवर अडकून बसला की काट्याआधी पायालाच कळतं. हाफ क्लचला गाडी ढकलल्यासारखी निघते, ट्रॅफिकमध्ये ब्रेकवर जास्त जोर लागतो, घाट उतरताना इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. गॅरेजच्या भाषेत ‘स्लो वाढलाय’. त्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज गॅरेजातच मिळतो: “स्क्रू फिरवून देतो, दहा मिनिटं थांबा.” सगळ्यात महागही तिथेच मिळतो: आधी सेन्सर बदलू, मग थ्रॉटल बॉडी, मग ‘ईसीएम गेलाय’. दोन्ही इलाजांत दुखणं नेमकं कुठे आहे, हे कुणी तपासलेलंच नसतं.

पेट्रोल इंजिनाचा वेग ठरतो तो हवेवर. ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोलचा नळ उघडतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उघडते ती हवेच्या वाटेतली एक गोल झडप. आत किती हवा गेली याचा अंदाज घेऊन ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशेबात पेट्रोल सोडतो, १४.७ किलो हवेला साधारण एक किलो. पाय काढला की झडप मिटते आणि इंजिन स्वतःचं घर्षण, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप ओढण्यापुरत्या हवेवर तग धरतं. पाय काढूनही ते जोरात फिरत असेल, तर जवळजवळ नेहमी कारण एकच: गरजेपेक्षा जास्त हवा आत जातेय. मग प्रश्न उरतो तो ही हवा कुठून येतेय आणि कॉम्प्युटरच्या परवानगीने येतेय की चोरवाटेने, एवढाच.

किती हवा, हे एकदा मांडून पाहावं. एक लिटरचं इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतं तेव्हा चार स्ट्रोकच्या चक्रामुळे दर दोन फेऱ्यांना एकदा पूर्ण हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला ४०० लिटर जागा भरते. पण त्या वेळी मॅनिफोल्डमधली, म्हणजे झडपेपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांमधली, हवा विरळ असते. तिचा दाब बाहेरच्या दाबाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. बाहेरच्या हवेच्या मापात ती मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटरच्या घरात जाते. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांत एवढा फरक असला की फटीतून शिरणारी हवा आवाजाच्या वेगाला पोचते. त्या वेगाने ही सगळी हवा सुमारे चार मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून जाऊ शकते. इंजिन चालू ठेवायला एवढीच वाट पुरते. आता कुठल्यातरी रबरी पाइपाला काडेपेटीतल्या काडीच्या जाडीची चीर पडली, तर पाव हिश्शाहून जास्त हवा फुकट मिळाली. हायवेवर तीन हजार फेऱ्यांना, झडप चांगली उघडी असताना, तीच चीर खिजगणतीत नसते. म्हणून अशी गाडी मुंबई-पुणे एकदम मक्खन पळते आणि चांदणी चौकाच्या गर्दीत वेड्यासारखी करते.

स्क्रू फिरवण्याची सवय आली कुठून, तेही पाहायला हवं, कारण ती सवय मुळात चुकीची नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० कार्ब्युरेटरवर चालायची. तिथे इंजिनावर लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं. झडप किती उघडी राहावी हे एक स्क्रू ठरवायचा, मिश्रण किती जाड असावं हे दुसरा. थंडीत सकाळी चोक ओढायचा आणि इंजिन तापलं की आठवणीने आत ढकलायचा. विसरलात तर स्लो चढलेला, मागे काळा धूर आणि दिवसभराचं पेट्रोल ऑफिसला पोचेपर्यंत संपलेलं. मिस्त्री कान लावून दोन्ही स्क्रू जुळवायचा आणि ते खरंच कौशल्याचं काम होतं. २००० सालापासून आपल्याकडे धुराचे नियम कडक होत गेले, तसा कारमधला कार्ब्युरेटर गेला आणि एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आली. स्क्रू मात्र राहिला. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे झडप बसवलेल्या भागावर, झडपेच्या दांड्यापाशी तो आजही सापडतो, बहुधा कारखान्यातच त्यावर रंगाचा ठिपका टाकलेला असतो. त्याचं काम आता एकच: मिटलेली झडप नळीच्या भिंतीत रुतू नये म्हणून तिला केसभर अलीकडे थांबवणं. रंगाचा ठिपका फुटलेला दिसला तर समजायचं, आपल्या आधी कुणीतरी इथे ‘सेटिंग’ करून गेलंय.

स्लो सांभाळण्याचं काम आता ईसीएमकडे आहे. ॲक्सिलरेटरची केबल असलेल्या गाड्यांत झडपेला वळसा घालणारी एक छोटी वाट असते आणि त्या वाटेवर एक स्टेपर मोटर किंवा सोलेनॉइड बसवलेला असतो, ज्याला गॅरेजात आयएसी म्हणतात. इंजिन पडायला लागलं की तो वाट रुंद करतो, चढायला लागलं की आवळतो. नव्या गाड्यांत केबल नाही. झडपच मोटरवर फिरते आणि पॅडल फक्त सेन्सरमार्फत ईसीएमला विनंती करतं. दोन्हींत तत्त्व तेच, आणि याच तत्त्वात फसगतीची जागा आहे. समजा पाइपाला बारीक चीर पडली. जादा हवा आली, फेरे वाढायला लागले, ईसीएमने लगेच आपली वाट तेवढी आवळली. काटा आठशेवर. कुणाला काही कळलं नाही. चीर वाढत गेली, ईसीएम आवळत गेला. एक दिवस त्याची वाट पूर्ण बंद झाली आणि त्याच्या हातात काही उरलं नाही. त्या दिवशी काटा चढला. तक्रार कालपासूनची आहे असं गाडीवाला शपथेवर सांगतो, आणि खोटं बोलत नसतो. दुखणं मात्र कित्येक महिन्यांचं असतं.

पण गाडीला मुळात काही झालेलंच नाही अशीही एक मोठी जमात गॅरेजमध्ये येते. बीएस-६ गाडी सकाळी सुरू केल्यावर पहिलं अर्धं-एक मिनिट बाराशे-पंधराशेवर घुमते. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धूर साफ करत नाही. म्हणून ईसीएम मुद्दाम जास्त हवा घेतो, स्पार्क उशिरा देतो आणि गरम धूर मागे ढकलतो. ते थांबवायला जाऊ नये. कित्येक गाड्या न्यूट्रलमध्ये घरंगळत असताना हजार-अकराशे धरून ठेवतात आणि चाकं थांबली की खाली येतात. एसी लावला की शंभर-दीडशे फेरे वाढतात, बॅटरी उतरलेली असेल तर अल्टरनेटरला जोर यावा म्हणून वाढतात, रेडिएटरचा पंखा लागला तरी वाढतात. तक्रार खरी धरायची ती इंजिन पूर्ण तापलेलं, गाडी थांबलेली, एसी, दिवे, पंखा सगळं बंद, आणि तरीही काटा वर असेल तेव्हा.

काही उघडण्याआधी खाली वाकून पायाशी पाहावं. ॲक्सिलरेटरवर मॅट चढलीय का? हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी भरधाव सुटली आणि चार माणसं गेली. पॅडल चुकीच्या मापाच्या मॅटखाली अडकलं होतं. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. इलेक्ट्रॉनिक्सचा दोष असावा या संशयावरून नासाच्या इंजिनिअरांनाही कामाला लावलं गेलं, आणि २०११ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष आला की तसा दोष सापडला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात एका मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकायची पद्धत आहे. त्यानंतर बॉनेट उघडून केबल पाहावी: बोटाने थोडी ढिली लागली पाहिजे. म्यान फाटून तारा विस्कटल्या असतील तर केबल परत येताना अडते, आणि पॅडल पायाने वर उचललं की काटा पडतो.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, की खरी तपासणी सुरू होते आणि ती एका प्रश्नावर दुभंगते. ईसीएमला कमी फेरे हवेत आणि मिळत नाहीत, की त्यालाच जास्त फेरे हवेत? पहिलं असेल तर चोरवाट शोधायची. दुसरं असेल तर त्याला चुकीची खबर देणारा शोधायचा. हे न ठरवता सुटे भाग बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने जुगार खेळणं.

उत्तर गाडीच सांगते. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले बिघाड स्वतः नोंदवण्याची व्यवस्था, सक्तीची आहे. स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं आणि त्यात बसणारा साधा ब्लूटूथ रीडर फार महाग नाही. पी०५०७ हा कोड आला तर त्याचा अर्थ ‘फेरे हवेत त्यापेक्षा जास्त’, म्हणजे तक्रारीचीच पावती. कारण त्यात नाही. कारण चालू आकड्यांत असतं. हवेत तेवढे फेरे किती आणि आहेत किती, हे दोन आकडे शेजारी लावायचे. त्यांच्याजवळ आयएसी किती उघडा आहे ते पाहायचं, काही गाड्यांत पायऱ्यांत, काहींत टक्क्यांत. लक्ष्य ८००, प्रत्यक्ष १४५० आणि आयएसी शून्याला टेकलेला, असं दिसलं की ईसीएम निर्दोष सुटला.

एका छोट्या गॅरेजात हेच आकडे पाहून मिस्त्रीने टॅब बाजूला ठेवला आणि पोराला म्हणाला, “याने दार लावलंय रे. हवा मागच्या दाराने येतेय.” गाडीचे मालक, एक रिटायर्ड गृहस्थ, जरा घाबरले. “म्हणजे सेन्सर बदलायचा का?” “सेन्सर कशाला काका? पाइप बघू आधी.” त्याने एअर फिल्टरचा जाड पाइप थ्रॉटल बॉडीवरून काढला आणि रबराचा एक सपाट तुकडा त्या तोंडावर दाबून धरला. इंजिन क्षणात गुदमरून बंद पडायला हवं होतं, कारण मुख्य वाट आणि आयएसीची वाट दोन्ही त्याच तोंडातून हवा घेतात. पडलं नाही. घरघरत, हुंदके देत चालूच राहिलं.

स्कॅनर नसतानाही ही चाचणी जमते, फक्त तळहाताऐवजी रबर किंवा फळी वापरावी, कारण ओढ चांगलीच जोरात असते. गाडीत हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर त्या पाइपातच असेल तर ती निरुपयोगी आहे, पाइप काढताच हिशेब बिघडतो. तोंड झाकल्यावर इंजिन पडलं तर चोरवाट नाही. मग झडपेच्या अलीकडे आयएसीच्या वाटेचं जे भोक दिसतं त्यावर बोट ठेवून पाहायचं. फेरे खाली आले तर हवा तिथून जातेय. ईसीएमने मागितली म्हणून, नाहीतर आयएसी कार्बनने उघडाच अडकलाय म्हणून. आले नाहीत तर झडप मिटत नाहीये. तो स्क्रू आठवा.

त्या मिस्त्रीला चीर सापडली ती क्रँककेसमधून मॅनिफोल्डला येणाऱ्या पाइपात, पीसीव्हीच्या. सगळ्यात संशयित जागा हीच. या पाइपातून तेलाची वाफ जाते, रबर आतून मऊ होतं, फुगतं, आणि काटकोनाच्या वळणावर खालच्या अंगाला फाटतं. वरून पाहिलं तर पाइप नवाकोरा. त्याने पाहिलाच नाही. दोन बोटं खालून फिरवली, एका जागी थांबला आणि चीर बोटाने दाबली. काटा पडला. बोट काढलं, चढला. काकांना बोलावून त्यांनाही दाबून बघायला लावलं, आणि मला वाटतं गॅरेजवर विश्वास बसायला याहून चांगला मार्ग नाही.

दरवेळी एवढं सरळ नसतं. मॅनिफोल्डवर येणारे रबरी पाइप एकेक करून पकडीने, खाली कापड घेऊन, हलकेच आवळायचे. ज्याने फेरे बदलतील तो मार्ग पुढे तपासायचा. ब्रेक बूस्टरचा पाइप त्यांतला सगळ्यात जाड आणि सगळ्यात गंभीर. ब्रेक दाबून धरल्यावर स्लो बदलत असेल आणि पॅडलपाशी फुसफुस ऐकू येत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलाय, आणि हे काम स्लोच्या आधी ब्रेकचं आहे. त्याची घरगुती परीक्षा अशी: इंजिन बंद ठेवून पॅडल घट्ट होईपर्यंत चार-पाचदा दाबायचं, शेवटी दाबूनच धरायचं आणि गाडी सुरू करायची. पॅडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी पुढे चालवू नये.

पेट्रोलच्या टाकीतली वाफ इंजिनात आणणारा पर्ज व्हॉल्व्हही उघडा अडकतो. टाकीकडून येणारा पाइप त्यावरून काढून बोट लावलं तर इंजिन नुकतंच सुरू झालेलं असताना ओढ लागू नये. ऑइलचं झाकण काढताना ते आतून घट्ट ओढलेलं वाटलं आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा पडदा गेलाय. इंजेक्टरखालच्या रबरी रिंगा आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट म्हातारपणी कडक होतात. पावसाळ्यात उबेला येऊन बसणारे उंदीर रबर कुरतडतात, ते वेगळंच.

सीएनजीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण मुंबई-पुण्यात बाहेरून किट बसवलेल्या गाड्या अमाप आहेत. सिक्वेन्शियल किट बसवताना मॅनिफोल्डला प्रत्येक सिलिंडरमागे एक भोक पाडून नोझल बसवतात, आणि रेग्युलेटर व सेन्सरसाठी व्हॅक्यूमच्या पाइपात प्लॅस्टिकचा टी-जॉइंट घालतात. कारखान्याने न पाडलेली ही चार-पाच नवी दारं झाली. दोन उन्हाळ्यांत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, पाइप सैल पडतो. स्लो पेट्रोलवर आणि सीएनजीवर दोन्हीकडे वाढलेला असेल तर हवेचा शोध याच सांध्यांपासून सुरू करावा. फक्त सीएनजीवर वाढत असेल तर ते किटच्या ट्युनिंगचं काम आहे, पाइप उकलण्यात अर्थ नाही.

चीर शोधायला कार्ब क्लीनरचा फवारा मारण्याची पद्धत सर्रास आहे: फवारा चिरेतून आत ओढला गेला की इंजिनाचा आवाज बदलतो. चालते ती, पण शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो आणि फवारा पेट घेणारा. बॉनेटखाली भडका उडालेले प्रसंग मिस्त्रीलोक स्वतःच सांगतात. साबणाच्या पाण्याच्या फवाऱ्याने मोठ्या चिरा कळतात. बारीक चिरांसाठी स्मोक मशीन उत्तम. इंजिन बंद करायचं, मॅनिफोल्डमध्ये हलक्या दाबाने तेलाचा पांढरा धूर सोडायचा आणि टॉर्च घेऊन तो कुठून डोकावतो ते बघत राहायचं.

एक सापळा सांगून ठेवतो, कारण त्यात जाणकारही अडकतात. पुस्तकं सांगतात की चोरीची हवा आली की मिश्रण पातळ होतं आणि ईसीएमला पेट्रोल वाढवावं लागतं. म्हणून स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ पंधरा-वीस टक्के वर दिसतो. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत हे अगदी खरं आहे, कारण चिरेतली हवा त्या सेन्सरला टाळून येते. पण आपल्याकडच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्या हवा मोजतच नाहीत. त्या मॅप सेन्सरने मॅनिफोल्डमधला दाब बघतात आणि त्यावरून हवा किती असेल ते ठरवतात. चिरेतून हवा आली तर दाबही वाढतो, ईसीएम त्या वाढीव दाबाला पेट्रोलही बरोबर देतो. मिश्रण झकास, ट्रिम नॉर्मल, फक्त इंजिन जोरात. ट्रिम चांगला आहे म्हणून ‘लीकेज नाही’ असा निर्वाळा देणारा मिस्त्री इथे सरळ फसतो. अशा गाडीत दाबाचाच आकडा बघावा: तापलेलं निरोगी इंजिन मोकळं चालताना तीस ते चाळीस किलोपास्कल. मॅप सेन्सर स्वतः खरा बोलतोय का, हेही तपासता येतं. चावी लावून इंजिन सुरू न करता त्याने गावच्या हवेचा दाब सांगितला पाहिजे. मुंबईत शंभरच्या आसपास, पुण्यात पंचाण्णव, महाबळेश्वरला शहाऐंशीच्या जवळ.

काटा एका जागी न थांबता आठशे ते पंधराशे असा वरखाली डोलत असेल, तर घाबरून कॉम्प्युटर बदलायला जाऊ नये. पाय पॅडलवर नसताना फेरे एका मर्यादेच्या वर असले की ईसीएम समजतो, गाडी उतारावर आहे, आणि पेट्रोल पूर्ण तोडतो. चोरीच्या हवेने फेरे त्या मर्यादेपर्यंत चढतात, पेट्रोल तुटतं, काटा पडतो, इंजिन मरू नये म्हणून पेट्रोल परत सुरू होतं, काटा पुन्हा चढतो. हा झोका म्हणजे बहुतेकदा हवेची गळतीच, जरा मोठी.

आता दुसरी फांदी. स्कॅनरवर हवेत ते फेरेच १३०० दिसतायत आणि प्रत्यक्षातही १३००. कॉम्प्युटर आपलं काम चोख करतोय. त्याला कुणीतरी सांगितलंय की इंजिन थंड आहे. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे एक साधा थर्मिस्टर, गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो: वीस अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ऐंशीच्या पुढे तीनेकशे. वायर पूर्ण तुटली तर बरं, ईसीएमला उणे चाळीस अंश दिसतात, तो चेक इंजिनचा दिवा लावतो आणि सावधगिरी म्हणून पंखा सुरू ठेवतो. वाईट ते अर्धवट बिघाड. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला की रोध थोडा वाढतो, नव्वद अंशांचं इंजिन ईसीएमला पन्नास अंशांचं वाटतं, आणि कोड येत नाही, कारण पन्नास अंश अशक्य थोडेच आहेत? यावर सगळ्यात सुंदर चाचणी फुकट आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी लावून पाहावं. दोन्ही जवळजवळ सारखेच हवेत. एकच वेगळं बोलत असेल तर खोटारडा सापडला.

सेन्सर खरा बोलत असेल आणि इंजिन खरोखरच थंड असेल, असंही होतं. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला की थंडीत हायवेवर इंजिन कधी तापतच नाही. आपल्याकडे तर थर्मोस्टॅट ‘काढून टाकल्याने गाडी थंड राहते’ असं मानणारे अजून आहेत. त्यांच्या गाड्या थंड राहतात, खरंय, आणि पेट्रोलही पितात. काही जुन्या एमपीएफआय गाड्यांत थंड इंजिनाला जादा हवा देणारी एक मेणाची झडप थ्रॉटल बॉडीत असते आणि ती गरम कूलंटने बंद होते. कूलंट कमी असलं किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला तर मेण तापत नाही, झडप उघडी राहते. म्हणजे स्लो वाढल्याची तक्रार आणि उपाय लिटरभर कूलंट. ते कुठे गेलं, हे मात्र शोधायलाच हवं.

झडपेच्या जागेचा सेन्सर मिटलेल्या अवस्थेत साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतो. कुणी स्क्रू पिळलेला असला की हा आकडा वर सरकतो, ईसीएमला वाटतं ड्रायव्हरचा पाय पॅडलवर आहे, आणि तो स्लो सांभाळण्याचं कामच सोडून देतो. दहा मिनिटांची सेटिंग अशी महागात पडते.

सर्व्हिसिंगनंतरच स्लो वाढलाय, ही तक्रार अलीकडे फार ऐकू येते. कार्बन साचत जाईल तशी वाट अरुंद होते आणि ईसीएम झडप थोडी थोडी जास्त उघडायला शिकतो, शिकलेलं लक्षात ठेवतो. मग थ्रॉटल बॉडी चकचकीत साफ होते. झडप जुन्याच सवयीने उघडी राहते आणि आता तिथून भरपूर हवा जाते. गाडी बिघडलेली नसते, तिला नव्याने शिकवायचं असतं. काही गाड्यांत ते स्कॅनरवरून होतं, काहींत इंजिन तापवून, सगळे लोड बंद ठेवून काही मिनिटं नुसतं चालू ठेवल्याने होतं. कंपनीने प्रत्येक मॉडेलची रीत ठरवून दिलेली असते. साफसफाईचं बिल लावताना ती रीत पार पाडून द्यावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. मोटरवर चालणारी झडप मात्र बोटाने ढकलून उघडू नये, आतले प्लॅस्टिकचे गिअर दुखावतात.

डिझेलला यातलं बहुतेक काही लागू नाही. तिथे वेग हवेवर चालत नाही, डिझेल किती सोडलं यावर चालतो. बीएस-६ डिझेलचा स्लो अधूनमधून थोडा चढतो, पंखा जोरात लागतो, जळका वास येतो. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याचं काम चाललेलं असतं, ते पुरं होऊ द्यावं. पण डिझेल गाडीचे फेरे आपोआप वाढतच चाललेत, मागे निळसर-पांढरा धुराचा लोट आहे आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही, तर ते बहुधा टर्बोच्या सीलमधून आलेलं स्वतःचंच ऑइल जाळतंय. अशा वेळी बॉनेट उघडून जवळ जाऊ नये. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन दमवून बंद पाडायचं. ते जमत नसेल तर सगळ्यांना उतरवून लांब उभं राहायचं.